पाटी घराण्याची, हात बाईचे



आज आपण खानावळीविषयी बोलणार आहोत. ही खानावळ आपल्या तालुक्याच्या गावातली नाही. ती आहे दूर इटली देशातली, भूमध्य समुद्राच्या काठची. एवढ्या लांबची खानावळ आपल्याला कशाला, असं तुमच्यातली एखादी म्हणेल. तर त्याचं कारण असं आहे. खानावळ घराण्याची असली की तिच्यात सासू राबते, सून राबते, लेक राबते. गल्ल्यावर मात्र दुसरंच कुणी बसतं. मग या राबण्याचा वाटा किती? या प्रश्नाला इटलीत कायद्यानं १९७५ साली उत्तर दिलं. ते उत्तर काय होतं आणि त्याला इतका उशीर का लागला, हे ऐकण्यासारखं आहे.

आधी तिथलं जेवण समजून घेऊ. भूमध्य समुद्राभोवती इटली, ग्रीस, स्पेन, तुर्कस्तान, लेबनॉन, इजिप्त, ट्युनिशिया, मोरोक्को असे बरेच देश आहेत. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण ताटाचा पाया सारखा. गहू, द्राक्षं आणि ऑलिव्हचं तेल. जोडीला काबुली हरभरा, मसूर, वाल, लसूण, कांदा, पालेभाज्या, मासे, शेळ्या-मेंढ्यांच्या दुधाचं चीज. टोमॅटोशिवाय इटलीचं जेवण आज डोळ्यांपुढे येत नाही, पण टोमॅटो मूळचा अमेरिकेतला. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, त्यानंतर तो इकडे आला. आपली मिरचीही तशीच त्या बाजूनं आलेली. त्याआधी आपल्याकडे मिरी होती आणि त्यांच्याकडे टोमॅटोशिवायचं कालवण.

घरच्या माणसांनी चालवलेल्या साध्या खानावळीला इटलीत ‘त्रात्तोरिया’ म्हणतात. आठ-दहा टेबलं असतात. पदार्थांची यादी कधी छापलेली, कधी नुसती तोंडी. आज काय आहे असं विचारलं, की वाढणारा मुलगा सांगतो, आज वालाचं सूप आहे, हातानं लाटलेल्या पट्ट्या आहेत, ससा आहे. आधी पाव येतो. मग पास्ता, म्हणजे आपल्या शेवया-कुरडयांच्या जातीतला पदार्थ. त्यानंतर मांस किंवा मासा, सोबत भाजी. गिऱ्हाईक घाईनं उठत नाही. शेवटी बिल घ्यायला जावं, तर गल्ल्यावर बाप बसलेला. आत डोकावलं, तर चुलीशी आई आणि कोपऱ्यात लाटणं घेऊन आजी. हे चित्र इतकं ओळखीचं झालं आहे, की पर्यटक खास ते बघायला जातात. पण आजी त्या कोपऱ्यात कशी आली, याला इतिहास आहे.

विकतचं शिजलेलं अन्न ही तिकडे फार जुनी गोष्ट. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस नावाचा ज्वालामुखी फुटला आणि त्याच्या राखेखाली पाँपेई हे अख्खं शहर गाडलं गेलं. पुढे खणून काढलं, तेव्हा रस्त्यारस्त्याला खाण्याची दुकानं सापडली. दगडी ओटा, ओट्यात बसवलेली मातीची रांजणं, आणि त्यांतून अन्न काढून द्यायचं. अशा एका दुकानाच्या भिंतीवर निवडणुकीचे मजकूर रंगवलेले आहेत. अमक्याला निवडून द्या, असं सांगणाऱ्यांची नावं बायकांची आहेत. ॲसेलिना, एग्ले, मारिया, झ्मिरिना. या बायका त्या दुकानात काम करणाऱ्या असाव्यात, असं अभ्यासक मानतात. त्यांना स्वतःला मताचा अधिकार नव्हता. शिवाय रोमन समाजात खानावळीतल्या बाईकडे हलक्या नजरेनं बघत. तरी रस्त्यावरच्या भिंतीवर त्यांची नावं आहेत. पुढच्या कितीतरी खानावळींत बाईचं नाव एवढंही दिसत नाही.

मधल्या काळात इटलीत ‘ओस्तेरिया’ चालत. तिथे मुख्यतः द्राक्षाची दारू मिळे आणि पुष्कळ ठिकाणी खायचं ज्यानं त्यानं घरून बांधून आणायचं. बोलोन्या शहरात १४६५ पासूनची अशी एक ओस्तेरिया अजून चालू आहे. तिथे आजही लोक आपापलं खाणं घेऊन जातात. हळूहळू मालकाच्या घरातून एखादं पातेलं बाहेर येऊ लागलं. ओस्तेरियाची त्रात्तोरिया झाली ती अशी घरच्या चुलीच्या बळावर. आणि घरची चूल कुणाच्या हातात होती, हे तुम्हाला सांगायला नको.

आता आपण इटलीच्या एका भागात जाऊ. त्याचं नाव रोमान्या. पूर्वेच्या समुद्रकाठचा, शेतीचा मुलूख. इथे आणि मध्य इटलीत शेकडो वर्षं जमीन अर्धेलीनं कसली जाई. जमीन मालकाची, कष्ट कुळाच्या कुटुंबाचे आणि पीक निम्मं निम्मं. शिवाय सणावाराला मालकाच्या वाड्यावर कोंबड्या आणि अंडी पोचवायची. एका घरात दोन-तीन भाऊ, त्यांच्या बायका, पोरं, म्हातारी माणसं असा मोठा खटला. मालकाशी करार घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावे व्हायचा. स्वयंपाक, कोंबड्या, परसबाग, दाणागोटा आणि सुनांची कामं वाटून देणं हे घरातल्या कर्त्या बाईकडे. रोमान्यात तिला ‘अझदोरा’ म्हणत, म्हणजे घर सांभाळणारी. अंडी-कोंबड्या विकून आलेले चार पैसे, तेवढेच तिच्या हातचे.

या अझदोराच्या हातच्या पदार्थांची नावं आता साऱ्या जगाला माहीत आहेत. एक आहे ‘पियादिना’. गव्हाचं पीठ, मीठ, पाणी आणि चरबी किंवा तेल घालून मळायचं, गोल लाटायचं आणि मातीच्या तव्यावर भाजायचं. आपल्या पोळी-भाकरीची मावसबहीणच म्हणा. दुसरा पदार्थ अंड्यातल्या पिठाच्या पट्ट्या. शंभर ग्रॅम पिठाला एक अंडं, असं साधं माप. लांबलचक लाटण्यानं मोठी पोळी लाटायची, ती इतकी पातळ की पलीकडचं दिसावं, मग गुंडाळी करून सुरीनं कापायची. अंडी हाताशी नसली की नुसतं पीठ आणि पाणी. त्या पिळलेल्या पास्त्याचं नाव ‘स्ट्रोत्साप्रेती’, म्हणजे पाद्र्याचा गळा आवळणारा! गरिबाच्या घरचा विनोद आहे हा. शिळा पाव वाया जाऊ द्यायचा नाही, म्हणून त्याचा चुरा, चीज आणि अंडी मळून जाड शेवया पाडायच्या आणि सूपात शिजवायच्या. त्यांना ‘पास्सातेल्ली’ म्हणतात. आज पर्यटक चांगले पैसे मोजून हे खातात. तेव्हा हे पोट भरायचे मार्ग होते.

दुसरं महायुद्ध १९४५ साली संपलं. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत इटली झपाट्यानं बदलली. कारखाने आले, पक्के रस्ते आले, मोटारी आल्या. शेतावरची तरुण माणसं शहराकडे निघाली. अर्धेलीचे नवे करार करायला १९६४ साली कायद्यानं बंदी झाली. त्याच सुमारास जर्मनीतून आणि इटलीतल्या थंड शहरांतून माणसं उन्हाळ्याच्या सुट्टीत रोमान्याच्या किनाऱ्यावर येऊ लागली. रिमिनी हे त्यातलं मोठं गाव. तिथल्या कुटुंबांनी घराच्या खोल्या पाहुण्यांना दिल्या आणि दोन वेळचं जेवण घालायला सुरुवात केली. बाप बाजारहाट आणि हिशेब बघे, मुलं ताटं उचलत, मुली खोल्या झाडत, चादरी धूत. आणि अझदोरा? काल ती शेतावरच्या पंधरा माणसांना जेवू घालत होती, आज चाळीस पाहुण्यांना. तीच पोळी, तेच लाटणं. पण आता त्या पोळीचे पैसे येत होते.

हे पैसे जात कुठे? परवाना घरच्या पुरुषाच्या नावे, इमारत त्याच्या नावे, बँकेतलं खातं त्याच्या नावे. हे मी बहुतेक घरांविषयी बोलते आहे, सगळ्या नव्हे. तेव्हाच्या दिवाणी कायद्यानं नवऱ्याला कुटुंबप्रमुख ठरवलेलं होतं. इटलीतल्या बायकांनी १९४६ साली राष्ट्रीय पातळीवर पहिल्यांदा मत दिलं. १९४८ च्या राज्यघटनेनं नवरा-बायको समान आहेत असं लिहिलं. दिवाणी कायदा मात्र १९४२ चा जुनाच चालू राहिला.

त्यात एक गाठ फार पक्की होती. घरातल्या माणसानं घरच्या धंद्यात काम केलं, तर ते प्रेमापोटी केलं, असं न्यायालयं धरून चालत. प्रेमापोटी केलेल्या कामाला मजुरी नसते. एखाद्या सुनेनं वीस वर्षं खानावळीत भांडी घासली, पास्ता लाटला, पाहुण्यांची उठबस केली आणि मग नवरा वारला किंवा घर फुटलं. तिनं आपला वाटा मागितला, तर उत्तर मिळे की बाई, तू तर घरचीच होतीस. ‘घरची’ हा शब्द ऐकायला किती गोड. पण घरची म्हणून पगार नाही आणि मालकीण नाही म्हणून नफा नाही, अशी दोन्हीकडून तिची ओंजळ रिकामी.

पहिली थोडी सोय झाली ती म्हातारपणाची. १९६६ च्या कायद्यानं छोट्या दुकानदारांना आणि खानावळवाल्यांना पेन्शनचा विमा मिळाला. त्यात धंद्यात हात लावणाऱ्या घरच्या माणसांनाही घेतलं. पण त्यासाठी बाईचं नाव नोंदवून तिच्या नावानं हप्ता भरावा लागे. जिथे तो भरला गेला, तिथे उतारवयात तिच्या हातात स्वतःची काही रक्कम आली.

मोठा बदल झाला १९ मे १९७५ रोजी. त्याआधी वातावरण तापलेलं होतं. घटस्फोटाचा कायदा १९७० मध्ये झाला होता. तो रद्द करावा म्हणून १९७४ मध्ये सार्वमत घेतलं, तेव्हा लोकांनी तो राखला. लग्न मोडू शकतं म्हटल्यावर, बाई घरातून बाहेर पडताना बरोबर काय नेणार, हा प्रश्न टाळता येईना. कुटुंबाचा कायदा बदला, अशी मागणी बायकांच्या संघटना कितीतरी वर्षं करत होत्या. अखेर तो बदलला. नवरा कुटुंबप्रमुख ही कल्पना गेली. हुंड्याचा करार रद्दबातल ठरला. लग्नानंतर कमावलेल्या मालमत्तेवर दोघांचा हक्क हा सर्वसाधारण नियम झाला. आणि दिवाणी कायद्यात एक नवं कलम घातलं गेलं, २३०-बिस. आपल्याकडे २३०-अ म्हणतात तसं. त्याचं शीर्षक ‘कौटुंबिक उद्योग’.

या कलमात काय आहे ते सावकाश ऐका. जी घरची व्यक्ती कुटुंबात किंवा कुटुंबाच्या धंद्यात सतत काम करते, तिला घराच्या ऐपतीप्रमाणे पोटापाण्याचा हक्क आहे. त्याशिवाय नफ्यात वाटा आहे. त्या नफ्यातून जे घेतलं त्यात वाटा आहे. धंद्याची किंमत वाढली, त्याचं नाव झालं, तर त्या वाढीतही वाटा आहे. किती वाटा? जेवढं काम आणि जसं काम, त्या प्रमाणात. नफ्याचं काय करायचं, धंद्याची दिशा कोणती, धंदा बंद करायचा का, असे मोठे निर्णय काम करणाऱ्या घरच्या माणसांच्या बहुमतानं घ्यायचे. आणि बाईचं काम पुरुषाच्या कामाच्या बरोबरीचं मानायचं, हेही कलमात स्पष्ट लिहिलं.

घरची व्यक्ती कोण, हेही ठरवून दिलं. नवरा-बायको, लेकी-मुलगे, नातवंडं, भावंडं, भाचे-पुतणे आणि सासरच्या नात्यातली जवळची माणसं. म्हणजे सून आली, दीर-नणंदा आल्या. सून काम सोडून गेली किंवा खानावळ विकली गेली, तर तिचा वाटा पैशांत द्यायचा. कुटुंबात धंद्याची वाटणी किंवा विक्री निघाली, तर विकत घेण्याचा पहिला मान काम करणाऱ्या घरच्या माणसाचा. एका कलमानं ‘प्रेमापोटी’ हा शब्द बाजूला सारला आणि तिथे ‘काम’ हा शब्द ठेवला.

आता कायदा झाला म्हणजे सगळं झालं, असं तुम्ही मानणार नाही. तिथेही झालं नाही. वाटा मागायचा, तर आपण सतत काम केलं हे बाईनं सिद्ध करायचं. आणि ज्या कामाची कुठे नोंदच नाही, ते सिद्ध कसं करणार? कलमात कुटुंबातलं कामही धरलं आहे खरं. पण पुढे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नुसतं घरकाम पुरेसं नाही, त्याचा धंद्याशी संबंध दाखवावा लागेल. करासाठीही वेगळा नियम झाला. धंद्याच्या उत्पन्नातला जास्तीत जास्त ४९ टक्के भाग काम करणाऱ्या घरच्या माणसांच्या नावे दाखवता येतो, मात्र त्यांची नावं वर्ष सुरू होण्याआधी रीतसर कागदावर हवीत. कर कमी भरावा लागतो म्हणून बायकोचं नाव लिहिणं फायद्याचं ठरलं. पण कागदावर नाव असणं आणि हातात पैसा असणं या दोन गोष्टी आहेत, हे तुम्ही जाणता. तरी नाव असलेला कागद भांडणाच्या दिवशी कामाला आला, हेही तितकंच खरं. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडीदाराला तर २०२४ पर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षी घटनापीठाच्या निकालानं त्यालाही या कलमात घेतलं.

बाईच्या हाताचं मोल झालं की काय होतं, याचं एक नावाजलेलं उदाहरण सांगते. उत्तर इटलीत मान्तोव्हा जिल्ह्यात, ओल्यो नदीजवळ, रुनाते नावाची छोटीशी वस्ती आहे. तिथे १९२० च्या दशकात सान्तिनी कुटुंबानं मासे आणि दारू विकणारी साधी ओस्तेरिया काढली. चुलीशी होती तेरेसा. तिच्यानंतर सून ब्रुना. ब्रुनानंतर तिची सून नादिया. नादिया विद्यापीठात शिकलेली, स्वयंपाक मात्र शिकली ती सासू आणि आजेसासू यांच्या हाताखाली. लाल भोपळ्याचं सारण भरलेली तिथली तोर्तेल्ली प्रसिद्ध आहे, करंजीच्या जातीची. युरोपात खानावळींना तारे देणारी मिशलिन नावाची मार्गदर्शिका आहे. तीन तारे म्हणजे सर्वांत वरचा मान. तो या खानावळीला १९९६ साली मिळाला. २०१३ साली एका आंतरराष्ट्रीय पुरस्कारात नादिया सान्तिनीला जगातली सर्वोत्कृष्ट महिला शेफ ठरवलं. सासू-सुनांच्या तीन पिढ्यांनी एकमेकींकडे दिलेली विद्या जगासमोर आली, आणि नावासकट आली.

२०१० साली युनेस्कोनं भूमध्य समुद्राकाठच्या आहाराला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान दिला. ही विद्या पुढच्या पिढीकडे देण्यात बायकांचा मोठा वाटा आहे, असंही त्यात नमूद केलं. मान मिळाला, चांगलंच झालं. पण मानाचं पान आणि नफ्याचा वाटा यांत फरक असतो.

शेजारच्या ग्रीस देशात बायकांनी दुसरी वाट काढली. लेस्व्होस बेटावर पेत्रा नावाचं गाव आहे. तिथल्या बायकांनी १९८३ साली आपली सहकारी संस्था काढली. घरातल्या खोल्या पर्यटकांना संस्थेमार्फत द्यायच्या आणि गावच्या चौकात मिळून खानावळ चालवायची. ग्रीसमधली बायकांची अशी ही पहिलीच संस्था, आणि तिच्या मागून तशा बऱ्याच निघाल्या. ग्रीसनं हुंड्याची कायदेशीर प्रथा रद्द केली, तेही १९८३ मध्येच. पेत्राच्या बायकांनी स्वयंपाक तोच केला, जो त्या घरी करत होत्या. फरक एवढाच, की घरच्या पाटीखाली एकेकीनं राबण्याऐवजी पाटीच सगळ्यांच्या नावाची केली.

आपल्याकडे मुंबईत १९७५ सालीच प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गिरणी कामगारांना घरी जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका एकमेकींना जामीन राहिल्या आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळालं. बचत गटातल्या बायकांना ही रीत नवी नाही. इटलीत कायद्यानं बाईचं काम मोजायला सांगितलं, पेत्रात आणि मुंबईत बायकांनी ते एकजुटीनं मोजायला लावलं.

मैत्रिणींनो, या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्या कामाची नोंद नाही, ते काम हक्क मागायच्या वेळी नसल्यासारखंच होतं. इटलीतल्या बाईच्या बाजूनं कायदा उभा होता, तरी तिला पुरावा शोधावा लागला. तेव्हा गटाच्या येत्या बैठकीत हे तीन प्रश्न एकमेकींना विचारा. आपल्या घरी खानावळ, चहाची गाडी, पापड-मसाल्याचा धंदा, दूध किंवा पोल्ट्री असेल, तर परवाना कुणाच्या नावे आहे? पैसा ज्या खात्यात जमा होतो, त्यात आपलं नाव आहे का? आणि आपण रोज किती तास काम करतो, हे कुठल्या वहीत लिहिलेलं आहे का?

वहीला फार खर्च येत नाही. रोज रात्री दोन ओळी पुरतात. आज किती वाजता उठले, किती भाकरी थापल्या, किती ताटं गेली. लिहिता येत नसेल, तर लेकीकडून लिहून घ्या. लेकीलाही तेवढंच कळेल, की आई जे करते त्याला काम म्हणतात.

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. नमस्कार.